वायपर बंद पडला म्हणून अपघात झाला का?

वसई-विरारच्या जुलैमधल्या पावसात रिक्षाचा वायपर बंद पडला, तर रिक्षावाला रिक्षा कडेला घेतो आणि काच फडक्याने पुसतो. उतरणाऱ्या विमानाला कडेला थांबता येत नाही. मात्र त्याला पुन्हा वर जाता येते. ७ ऑगस्ट २०२० रोजी केरळात कोळिकोड येथे झालेला अपघात आपण या दृष्टीने पाहू.

दुबईहून आलेल्या एअर इंडिया एक्स्प्रेसच्या बोइंग ७३७ विमानात १९० माणसे होती. मुख्य वैमानिक होते कॅप्टन दीपक साठे, वायुदलातून निवृत्त झालेले आणि अनुभवी. भर पावसात पहिल्यांदा उतरताना त्यांच्या बाजूचा वायपर बंद पडला. धावपट्टी दिसेना, म्हणून विमान वर नेले. दुसऱ्यांदा ते उलट दिशेने उतरवले. आता वारा पाठीमागून येत होता, सुमारे १४ नॉट, म्हणजे ताशी २६ किलोमीटर.

हे किती महत्त्वाचे? समजा, विमानाचा हवेतील वेग ताशी २७० किलोमीटर आहे. वारा समोरून असेल तर जमिनीवरचा वेग २४४, पाठीमागून असेल तर २९६. थांबण्यास लागणारे अंतर वेगाच्या वर्गाच्या प्रमाणात वाढते. म्हणजे ते जवळजवळ दीडपट होते. वर्गात हे गणित मुलांकडून जरूर करून घ्यावे.

त्यात २,७०० मीटरच्या धावपट्टीवर चाके टेकली ती साधारण १,३५० मीटर पुढे. उरलेली जागा पुरली नाही. पठारावरच्या त्या विमानतळाच्या कडेवरून विमान खाली कोसळले. दोन्ही वैमानिकांसह २१ जण दगावले.

तपासाला आधार होता दोन नोंदयंत्रांचा. एकात वेग, उंची यांचे आकडे असतात, दुसऱ्यात वैमानिकांचे बोलणे. त्या बोलण्यात सहवैमानिकाचे शब्द सापडले : ‘गो अराउंड’, म्हणजे पुन्हा वर चला. दोघांपैकी कोणीही असे म्हटले, तर वर जाणे बंधनकारक असते. तरीही विमान उतरवले गेले. २०२१ च्या तपास अहवालाने हेच संभाव्य कारण मानले. सहवैमानिकाने नियंत्रण स्वतःकडे घेतले नाही, हेही नोंदवले. ज्येष्ठतेच्या दडपणाचा त्यात उल्लेख आहे.

वायपरने अडचण निर्माण केली. पण ती निभावून नेण्याची वाट शेवटपर्यंत खुली होती.

फळ्यावर आपली बेरीज चुकली, तर शेवटच्या बाकावरची मुलगी उठून सांगते का? सांगितल्यावर आपण हातातला खडू थांबवतो का? ही सवय शाळेतच लागते, असे आम्हांला वाटते.