चाक आणि रूळ : संपर्क, घर्षण व झीज यांचे गणितीय प्रतिमान

दोन घन वस्तू परस्परांवर दाबून सरकल्या म्हणजे संपर्क, घर्षण आणि झीज या तिन्ही घटना एकत्रच घडतात. पदवीच्या अभ्यासक्रमात मात्र त्या वेगवेगळ्या प्रकरणांत विखुरलेल्या असतात. प्रस्तुत लेखात त्यांचा परस्परसंबंध रेल्वेच्या चाकाच्या आधारे स्पष्ट केला आहे. नरसी नामदेवला रेल्वेस्थानक नाही. परंतु हिंगोलीवरून जाणारा अकोला–पूर्णा मार्ग २००८ मध्ये ब्रॉडगेज झाल्याने हे उदाहरण येथील वाचकांस परके नाही.

भरलेल्या मालडब्याच्या एका चाकावर सुमारे १० टन भार येतो. चाक व रूळ पूर्णतः दृढ मानल्यास ते एका बिंदूत टेकतील आणि दाब अनंत होईल. वस्तुतः पोलादही किंचित दबते व सुमारे १ चौरस सेंटिमीटरचे लंबवर्तुळाकार संपर्कक्षेत्र तयार होते. तेथील दाब वातावरणाच्या दाबाच्या सुमारे १०,००० पट असतो. हे गणित हर्ट्झ यांनी १८८२ मध्ये मांडले. येथील खरी अडचण अशी की संपर्क कोठे होईल हे आधी ठाऊक नसते. अंतर शून्याहून कमी नाही, दाबही शून्याहून कमी नाही आणि अंतर × दाब = ०, एवढेच सांगता येते. सिन्योरिनी यांच्या या प्रश्नाला उकल असते हे फिकेरा यांनी १९६३-६४ मध्ये सिद्ध केले.

घर्षणाचे महत्त्व भोर घाटात कळते. १८६३ मध्ये खुल्या झालेल्या या मार्गावर ३७ ला १ असा तीव्र चढ आहे. १२० टनांचे इंजिन व ९०० टनांची गाडी धरल्यास केवळ चढासाठी १०२० ÷ ३७, म्हणजे सुमारे २७.६ टन ओढ लागते. कोरड्या रुळावर घर्षणगुणांक ०.२५ मानल्यास इंजिनाला ३० टन पकड मिळते. पावसात तो ०.१५ झाला तर अवघी १८ टन. कर्जतहून लोणावळ्याकडे जाणाऱ्या गाड्यांना मागून जादा इंजिने का लावतात, याचे उत्तर या वजाबाकीत आहे.

कूलोम्ब यांचा नियम (१७८५) घर्षणाची केवळ कमाल मर्यादा सांगतो. कार्टर यांनी १९२६ मध्ये दाखविले की ओढ लावणाऱ्या चाकाच्या संपर्कक्षेत्राचा पुढचा भाग रुळाला धरून राहतो, मागचा सूक्ष्मपणे घसरतो. चाक बाहेरून न घसरताही झिजते, ते या मागच्या भागामुळे. आर्चर्ड यांच्या १९५३ च्या सूत्रानुसार झिजलेले घनफळ भार व घसरणीचे अंतर यांच्या सम प्रमाणात आणि कठिनतेच्या व्यस्त प्रमाणात असते.

या सूत्रातील स्थिरांक मात्र नावापुरताच स्थिर आहे. पृष्ठ कोरडे, ओले की वंगणयुक्त यानुसार तो कित्येक पटींनी बदलतो. पकड वाढावी म्हणून इंजिनातून रुळावर वाळू सोडतात. तीच वाळू पोलाद खरवडते. म्हणून स्थिरांक प्रयोगाने न मोजता संगणकावर पाच दशांश स्थळांपर्यंत काढलेले उत्तर, प्रस्तुत लेखकाच्या मते, अचूकतेचा निव्वळ आभास होय.

शिवाय झिजेने चाकाचा आकार बदलतो, त्यासरशी संपर्कक्षेत्र व दाबही बदलतात. त्यामुळे ठरावीक अंतरानंतर नवा आकार घेऊन सारे गणित पुन्हा करावे लागते. चाक लेथवर कातून मूळ घडणीत आणले, तरी त्याचा व्यास घटलेला असतो; पुढील गणना त्या व्यासापासून सुरू होते.