सुसाट पळणारी गाडी फोटोत उभी का दिसते? वेग फोटोत पकडायचा कसा?

शर्यतीची गाडी समोरून झपकन जाते. धुरळा उडतो, कान बसतात, अंगावर काटा येतो. मग घरी येऊन मोबाईल उघडला की दिसतं काय, तर रस्त्यात पार्क केल्यासारखी वाटणारी गाडी. नाहीतर मग नुसताच धुरकट फराटा.

दोन्ही फोटोंत गडबड एकाच ठिकाणी झालेली असते. कॅमेऱ्याचं शटर किती वेळ उघडं राहिलं आणि तेवढ्या वेळात कॅमेरा कुठे वळला, यावर सगळा खेळ आहे.

आधी थोडं गणित

ताशी ७२ किलोमीटर वेगाची गाडी एका सेकंदात २० मीटर जाते. शटर १/१००० सेकंद उघडलं, तर तेवढ्यात गाडी फक्त २ सेंटीमीटर सरकते. चाकाचा घेर साधारण २ मीटर धरला, तर चाक सेकंदाला १० वेळा फिरतं. पण १/१००० सेकंदात ते ४ अंशसुद्धा फिरत नाही. त्यामुळे चाकाचे आरे स्पष्ट दिसतात, मागचं झाड स्पष्ट दिसतं आणि गाडी उभी वाटते.

आता शटर १/६० सेकंद ठेवलं तर? चाक ६० अंश फिरतं, म्हणजे ते फिरताना दिसतं. पण गाडीही ३३ सेंटीमीटर पुढे गेलेली असते. कॅमेरा स्थिर असेल तर गाडीचाच फराटा होतो.

यावरचा उपाय म्हणजे पॅनिंग. गाडी जशी पुढे जाते, तसा कॅमेराही तिच्याबरोबर वळवायचा. गाडी फ्रेममध्ये एकाच जागी राहिली की ती स्पष्ट येते. मागची झाडं, माणसं, भिंती यांच्या आडव्या रेघा होतात. बघणाऱ्याला वेग जाणवतो तो या रेघांमुळे.

पॅनिंग करायचं कसं?

गाडी जिथे अगदी समोर येणार, त्या दिशेला पाय रोवून उभं राहायचं. कोपरं अंगाला चिकटवायची. मग पाय न हलवता कमरेतून वळून, लांबून येणारी गाडी फ्रेममध्ये घ्यायची आणि तिच्याबरोबर वळत राहायचं. समोर आली की हलक्या हाताने बटण दाबायचं. नवशिके इथेच चुकतात. बटण दाबलं की त्यांचा हात थांबतो. क्रिकेटमध्ये फटका मारल्यावर बॅट जशी पुढे जाऊ देतात, तसा फोटो निघाल्यावरही कॅमेरा वळत राहिला पाहिजे.

कॅमेऱ्यात शटर प्रायॉरिटी मोड लावा. कॅननवर तो ‘टीव्ही’ नावाने, निकॉन आणि सोनीवर ‘एस’ नावाने असतो. फोकस सतत पाठलाग करणारा ठेवा आणि एका दमात अनेक फोटो काढणारा बर्स्ट मोड चालू करा. सुरुवात १/२५० पासून करायची. जमायला लागलं की १/१२५, मग १/६०. शटर जितकं हळू, तितका वेग जास्त दिसतो आणि तितकेच फोटो वायाही जातात. पन्नासातले दोन-तीन चांगले आले, तरी दिवस सत्कारणी लागला म्हणायचं.

मोबाईलवर जमतं का?

जमतं, पण भर दुपारी नाही. कॅमेऱ्यात उजेड कमी आत यावा म्हणून लेन्सचं तोंड बारीक करता येतं. बहुतेक फोनमध्ये ते कायम सताड उघडं असतं. रणरणत्या उन्हात फोनवर १/६० चं शटर लावलं, तर फोटो पांढराफटक होतो. म्हणून फोनवाल्यांनी सकाळी लवकर किंवा दिवे लागणीच्या आसपास प्रो मोडमध्ये प्रयत्न करावा. दुपारीच काढायचे असतील, तर एनडी फिल्टर लावावा लागतो. तो म्हणजे कॅमेऱ्याचा गॉगलच समजा.

नगरमध्ये सराव कुठे करायचा?

अहिल्यानगरला गाड्यांचा खराखुरा ट्रॅक आहे. डीआरडीओच्या व्हीआरडीई या संस्थेच्या ट्रॅकवर लष्करी आणि इतर वाहनांच्या चाचण्या होतात. पण ही संरक्षण खात्याची जागा आहे. तिथे हौशी फोटोग्राफरला प्रवेश नाही आणि कुंपणाबाहेरून फोटो काढायचा विचारही करू नये.

मग सुरुवात रस्त्यापासून करा. रस्त्यापासून बऱ्याच आत असलेल्या ओट्यावर उभं राहून जाणाऱ्या मोटारसायकली आणि एसटी टिपा. हात बसला की पुढची पायरी जिल्ह्यातच आहे, ती म्हणजे बैलगाडा शर्यत.

२०१४ साली सर्वोच्च न्यायालयाच्या निकालाने या शर्यती बंद झाल्या होत्या. डिसेंबर २०२१ मध्ये त्यांना सशर्त परवानगी मिळाली आणि १८ मे २०२३ रोजी घटनापीठाने महाराष्ट्राचा कायदा वैध ठरवला. आता प्रशासनाची परवानगी घेऊन पारनेर, संगमनेर भागात यात्रा-जत्रांना घाट भरतात.

शिकणाऱ्यासाठी घाटासारखी शाळा नाही. एक बारी काही सेकंदांत संपते, पण तिच्या मागोमाग दुसरी, तिसरी येतेच. रस्ता तोच, दिशा तीच. पहिल्या दहा बाऱ्या फसल्या तरी अकराव्या बारीला हात सुधारलेला असतो. फक्त बैल धावताना वर-खाली उसळतात, त्यामुळे शटर १/१२५ च्या आसपास ठेवलेलं बरं. फ्लॅश अजिबात मारू नका, जनावर बुजतं.

इथे तयार झालेला हात पुढे चेन्नईजवळच्या इरुंगट्टुकोट्टई किंवा कोइमतूरच्या कारी ट्रॅकवर उपयोगी पडतो. तिथे आडवी येते ती तारेची जाळी. लेन्स जाळीला जवळजवळ टेकवली आणि लेन्सचं तोंड मोठं उघडलं, की जाळी फोटोतून जवळपास गायब होते.

एका फोटोपायी जीव घालवू नका

घाट असो की ट्रॅक, चांगल्या अँगलसाठी लोक पुढे सरकतात. कॅमेऱ्यातून बघताना अंतराचा अंदाज चुकतो आणि बाजूने काय येतंय ते दिसत नाही. १९८६ च्या पोर्तुगाल रॅलीत लोक फोटोसाठी थेट रस्त्यात उतरत होते. तिथे एक गाडी ताबा सुटून गर्दीत घुसली आणि प्रेक्षकांचे जीव गेले. त्या वर्षाच्या शेवटी ‘ग्रुप बी’ हा वेगवान गाड्यांचा गटच बंद झाला.

वळणाच्या बाहेरच्या बाजूला उभं राहू नका, कारण ताबा सुटलेली गाडी तिकडेच जाते. बैलगाडाही वाट सोडून गर्दीत शिरू शकतो. बॅरिकेडच्या मागे, पळायला जागा असेल तिथे थांबा.

आणि गंमत म्हणजे, पॅनिंगला पुढे जायची गरजच नसते. उलट थोडं लांब उभं राहिलं, तर गाडीबरोबर वळणं सोपं जातं. म्हणजे जी जागा सुरक्षित, तीच जागा चांगल्या फोटोची.