सत्तेला कुंपण घालणारी पुस्तकं

२५ नोव्हेंबर १९४९ रोजी संविधान सभेपुढच्या समारोपाच्या भाषणात डॉ. बाबासाहेब आंबेडकरांनी अमेरिकेच्या संस्थापकांपैकी एक असलेल्या टॉमस जेफरसनचं एक मत वाचून दाखवलं. प्रत्येक पिढी हे जणू एक वेगळं राष्ट्र असतं. बहुमताने ती स्वतःला बांधून घेऊ शकते, येणाऱ्या पिढीला बांधू शकत नाही, असा त्याचा आशय होता. पुढे साडेचार वर्षांनी, मे १९५४ मध्ये, हेच आंबेडकर लोकसभेच्या पोटनिवडणुकीला भंडारा मतदारसंघातून उभे राहिले. आजचा गोंदिया जिल्हा तेव्हा भंडारा जिल्ह्यातच होता. तो वेगळा झाला १ मे १९९९ रोजी. भंडाऱ्याचा मुलूख तेव्हाच्या मध्य प्रदेशात मोडत होता आणि राजधानी नागपूरला होती. मतदारसंघ द्विसदस्य होता, प्रत्येक मतदाराला दोन मतं होती. राखीव जागेवर काँग्रेसचे भाऊराव बोरकर निवडून आले. आंबेडकर हरले.

जेफरसनच्या व्हर्जिनियात मताचा हक्क जमीनजुमला असलेल्या गोऱ्या पुरुषांपुरता होता. भंडाऱ्यात मात्र धानाच्या बांधीत रोवणी करणाऱ्या बाईनेही घटनेच्या शिल्पकाराला मत द्यायचं की नाही हे ठरवलं, आणि त्याने तो निकाल मान्य केला. स्वातंत्र्य, मर्यादित शासन आणि अमेरिकेच्या स्थापनेमागची तत्त्वं समजून घेण्यासाठी काय वाचावं असं आपल्याकडच्या एखाद्या तरुणाने विचारलं, तर मी त्याला आधी ही हकीकत सांगेन आणि मग पुस्तकांची नावं. ही पुस्तकं परक्यांची म्हणून वाचण्याचं कारण नाही. मराठी माणसांनी ती पावणेदोनशे वर्षांपूर्वीच हातात घेतली, त्यांच्याशी वाद घातला आणि जिथे ती तोकडी पडली तिथे त्यांना पुढे नेलं.

सुरुवात टॉमस पेनच्या ‘राइट्स ऑफ मॅन’पासून करावी. पेन हा इंग्लंडमधल्या एका साध्या कारागिराचा मुलगा. १७७४ मध्ये तो फिलाडेल्फियाला पोचला आणि जानेवारी १७७६ मध्ये ‘कॉमन सेन्स’ ही पुस्तिका लिहून त्याने वसाहतींमधल्या सामान्य लोकांना स्वातंत्र्याची भाषा दिली. ‘राइट्स ऑफ मॅन’चे दोन भाग १७९१ आणि १७९२ मध्ये आले. फ्रेंच क्रांतीवर टीका करणाऱ्या एडमंड बर्कला ते उत्तर होतं. पुस्तक इतकं झोंबलं की इंग्लंडमध्ये पेनवर राजद्रोही लेखनाचा खटला भरला गेला आणि डिसेंबर १७९२ मध्ये त्याच्या गैरहजेरीत त्याला दोषी ठरवलं गेलं. पेनचा मुद्दा असा की घटना आधी आणि सरकार नंतर. घटना लोकांनी करायची असते, सरकार हे तिचं अपत्य. म्हणून सरकारला घटना बदलण्याचा उपजत अधिकार असू शकत नाही. मेलेल्यांनी जिवंतांवर राज्य करावं हेही त्याला मान्य नव्हतं. जेफरसनने सप्टेंबर १७८९ मध्ये पॅरिसहून जेम्स मॅडिसनला लिहिलेल्या पत्रात हाच विचार मांडला होता. दुसऱ्या भागात मात्र हाच पेन म्हाताऱ्यांना निवृत्तिवेतन आणि गरिबांच्या मुलांना शिक्षणासाठी पैसे कसे देता येतील याचा आकडेवार हिशेब मांडतो. मर्यादित शासन म्हणजे हात बांधून बसलेलं शासन, असं ज्यांना वाटतं त्यांनी ती पानं जरूर वाचावीत.

हे पुस्तक पुण्यात जोतीराव फुल्यांच्या हाती पडलं ते १८४७च्या सुमारास, असं त्यांचे चरित्रकार सांगतात. तेव्हा ते विशीत होते. जन्मावरून कुणाला अधिकार मिळत नाही ही पेनची मांडणी राजे आणि सरदारांविरुद्ध होती. फुल्यांनी ती जातीला लावली. राजघराण्याचा वारसाहक्क खोटा असेल तर भटशाहीचा खरा कसा, हा प्रश्न पेनने विचारलेला नाही, तो फुल्यांचा आहे. म्हणून पेननंतर लगेच ‘गुलामगिरी’ घ्यावी. १८७३चं हे पुस्तक, धोंडिबा आणि जोतीराव यांच्या संवादाचं. त्याची अर्पणपत्रिका अमेरिकेतल्या सज्जन लोकांना उद्देशून आहे: काळ्या माणसांना दास्यातून सोडवण्यासाठी त्यांनी जो निःस्वार्थ त्याग केला त्याबद्दल आदर म्हणून, आणि आपल्या देशबांधवांनी शूद्र भावंडांच्या मुक्ततेसाठी तो कित्ता गिरवावा या इच्छेने.

या अर्पणपत्रिकेपाशी थोडं थांबायला हवं. फुल्यांनी पुस्तक अमेरिकेच्या १७७६च्या स्वातंत्र्याच्या घोषणापत्रावर सह्या करणाऱ्यांना वाहिलेलं नाही. सर्व माणसं समान जन्मतात असं लिहिणाऱ्या जेफरसनच्या मालकीत त्याच्या हयातीत सहाशेहून अधिक गुलाम होते. १७८७च्या घटनेने प्रतिनिधित्व मोजताना गुलामाला माणसाचा तीन-पंचमांश धरलं. गुलामी कायद्याने संपली ती यादवी युद्धानंतर, डिसेंबर १८६५ मधल्या तेराव्या घटनादुरुस्तीने. म्हणजे ‘गुलामगिरी’ प्रसिद्ध होण्याच्या अवघ्या आठ वर्षं आधी. फुल्यांनी कृतज्ञता व्यक्त केली ती वचन देणाऱ्यांबद्दल नव्हे, वचन पुरं करणाऱ्यांबद्दल. पुण्यात बसून, वर्तमानपत्रं आणि मिशनऱ्यांच्या पुस्तकांच्या आधाराने अमेरिकेच्या इतिहासाचं इतकं अचूक मोल करणारा दुसरा लेखक त्या काळच्या भारतात मला दिसत नाही. याच ओघात फ्रेडरिक डग्लसने ५ जुलै १८५२ रोजी रॉचेस्टर शहरात केलेलं भाषण वाचावं. गुलामीतून निसटून आलेला हा माणूस स्वातंत्र्यदिनाच्या सोहळ्यात विचारतो की या दिवसाशी गुलामाचा काय संबंध. ‘गुलामगिरी’ वाचलेल्या वाचकाला ते भाषण सख्ख्या नात्यातलं वाटेल.

फुल्यांच्याही आधी लोकहितवादींनी ‘प्रभाकर’ साप्ताहिकातून १८४८ पासून लिहिलेल्या शतपत्रांत पार्लमेंटचा आणि अमेरिकेच्या उदाहरणाचा विचार आलेला आहे. जुलूम वाढला तर इथेही अमेरिकेसारखं होईल, असं ते स्पष्ट सुचवतात. लिहिणारे गोपाळ हरी देशमुख स्वतः कंपनी सरकारच्या नोकरीत होते, हे लक्षात घेतलं की त्या ओळींचं धाडस कळतं.

आता फेडरलिस्ट निबंध. १७ सप्टेंबर १७८७ रोजी फिलाडेल्फियात घटनेच्या मसुद्यावर सह्या झाल्या, पण तेरापैकी नऊ राज्यांनी मान्यता दिल्याशिवाय ती अमलात येणार नव्हती. न्यूयॉर्कच्या लोकांचं मन वळवण्यासाठी अलेक्झांडर हॅमिल्टन, जेम्स मॅडिसन आणि जॉन जे यांनी ‘पब्लियस’ या एकाच टोपणनावाने ८५ निबंध लिहिले. देश कसा चालवावा याचा युक्तिवाद वर्तमानपत्रांतून, सामान्य मतदारासमोर, महिनोन्‌महिने चालावा ही गोष्टच मला विलक्षण वाटते. सगळे वाचायची गरज नाही. दहावा, एक्कावन्नावा आणि अठ्ठ्याहत्तरावा आधी घ्यावेत. दहाव्यात मॅडिसन गटबाजीचं मूळ शोधतो आणि बहुमताचा गटही धोकादायक असतो हे दाखवतो. एक्कावन्नाव्यात तो सांगतो की राज्यकर्ते देवदूत नसतात म्हणून एका सत्तास्थानाला दुसऱ्याने अडवण्याची सोय घटनेतच ठेवावी लागते. अठ्ठ्याहत्तराव्यात हॅमिल्टन न्यायालयाचं काम मांडतो: त्याच्या हाती ना तिजोरी ना तलवार, फक्त निवाडा. आपल्या घटनेतलं तेरावं कलम, जे मूलभूत हक्कांना छेद देणारा कायदा तेवढ्यापुरता रद्दबातल ठरवतं, ते याच विचाराच्या वंशातलं आहे.

पण पब्लियसचे विरोधकही वाचावेत. जॉर्ज मेसनने हक्कांची सनद नाही म्हणून मसुद्यावर सही करायला नकार दिला. ‘ब्रूटस’ या नावाने लिहिणाऱ्याने दूरच्या राजधानीतलं बलाढ्य सरकार गावोगावच्या लोकांना पारखं होईल असा इशारा दिला. या विरोधकांच्या रेट्यामुळेच १७९१ मध्ये पहिल्या दहा घटनादुरुस्त्या झाल्या. आज अमेरिकी स्वातंत्र्य म्हणून जे ओळखलं जातं त्यातलं बरंचसं हरलेल्या बाजूने मिळवून दिलेलं आहे.

आंबेडकर अमेरिकेचा अभ्यास करूनच घटनेच्या कामाला बसले होते. बडोद्याच्या सयाजीराव महाराजांच्या शिष्यवृत्तीवर १९१३ मध्ये ते न्यूयॉर्कच्या कोलंबिया विद्यापीठात गेले. तिथे सेलिगमन आणि जॉन ड्यूई यांच्यासारखे शिक्षक त्यांना लाभले. ४ नोव्हेंबर १९४८ रोजी मसुदा मांडताना त्यांनी अध्यक्षीय आणि संसदीय पद्धतींची तुलना केली आणि हक्क अमेरिकेतही अमर्याद नसतात हे तिथल्या सर्वोच्च न्यायालयाच्या निकालाचा दाखला देऊन दाखवलं. आणि २५ नोव्हेंबर १९४९च्या त्या समारोपाच्या भाषणात त्यांनी अमेरिकेवर लिहिणाऱ्या जेम्स ब्राइसने सांगितलेला एक प्रसंग ऐकवला. अमेरिकेतल्या एका चर्चच्या प्रार्थनेत ‘आमच्या राष्ट्राला आशीर्वाद दे’ अशी ओळ घालायचं ठरलं, तेव्हा ‘राष्ट्र’ या शब्दालाच आक्षेप आले आणि त्याजागी ‘ही संयुक्त संस्थानं’ असं करावं लागलं. अमेरिकनांना स्वतःला राष्ट्र म्हणवण्याची इतकी धास्ती होती, तर हजारो जातींत विभागलेल्या आपण राष्ट्र असल्याचं कशावरून धरायचं, हा त्यांचा प्रश्न होता.

महाराष्ट्र शासनाने १९७९ पासून प्रसिद्ध केलेल्या आंबेडकरांच्या लेखन आणि भाषणांच्या खंडांत हे सगळं आहे. घटना समितीतली भाषणं तेराव्या खंडात. नागपूरच्या वसंत मून यांनी या खंडांच्या संपादनासाठी जे कष्ट घेतले त्याबद्दल विदर्भाने कायम ऋणी राहावं. त्याच मालिकेतलं ‘स्टेट्स अँड मायनॉरिटीज’ हे १९४७चं निवेदन सोडू नये. सरकारचा हात नुसता मागे घेतला तर ते स्वातंत्र्य जमीनदाराला खंड वाढवायला आणि मालकाला कामाचे तास वाढवायला मिळतं, असं आंबेडकर तिथे बजावतात. याच्या शेजारी शरद जोशींचं ‘शेतकरी संघटना: विचार आणि कार्यपद्धती’ ठेवावं. शेतकऱ्याला लुटणारं मुख्य यंत्र सरकारचं धोरणच आहे असं ते मांडतात. दोघांची उत्तरं जुळत नाहीत. धानपट्ट्यातल्या वाचकाला दोन्ही आपल्या अनुभवावर तपासता येतात, म्हणून मी ती एकत्र वाचायला सांगतो.

तुलना करताना एक गोष्ट फार बोचते. अमेरिकेची पहिली घटनादुरुस्ती संसदेला भाषणस्वातंत्र्य आखडायला मनाई करते. आपली पहिली घटनादुरुस्ती, जून १९५१ची, भाषणस्वातंत्र्यावरच्या निर्बंधांची कारणं वाढवते आणि नववं परिशिष्ट जोडते, म्हणजे त्यात टाकलेले कायदे मूलभूत हक्कांच्या कसोटीपासून वाचवते. जमीनसुधारणेचा हेतू खराच होता. पण दार एकदा उघडल्यावर त्यातून पुढे बरंच काही आत गेलं.

व्यक्तिस्वातंत्र्याचंही असंच झालं. घटनेचे सल्लागार बी. एन. राव १९४७च्या अखेरीस अमेरिकेला गेले, न्यायमूर्ती फेलिक्स फ्रँकफर्टरना भेटले आणि ‘ड्यू प्रोसेस’ (कायद्याची न्याय्य प्रक्रिया) हे शब्द टाळण्याचा सल्ला घेऊन परतले. त्याऐवजी आपल्या एकविसाव्या कलमात ‘कायद्याने प्रस्थापित केलेली कार्यपद्धती’ आली. त्याची किंमत २८ एप्रिल १९७६ रोजी कळली. आणीबाणीत विनाचौकशी डांबलेल्यांना न्यायालयात दाद मागता येते, असं अनेक उच्च न्यायालयांनी म्हटलं होतं आणि त्यांत मुंबई उच्च न्यायालयाचं नागपूर खंडपीठही होतं, ज्याच्या कार्यक्षेत्रात गोंदिया येतो. सर्वोच्च न्यायालयाने ते चार विरुद्ध एक अशा बहुमताने फिरवलं. एकटे न्यायमूर्ती हंसराज खन्ना विरोधात उभे राहिले. त्यांना डावलून दुसऱ्यांना सरन्यायाधीश केलं गेलं, तेव्हा त्यांनी राजीनामा दिला. तो बहुमताचा निकाल रद्द व्हायला २४ ऑगस्ट २०१७ उजाडला. खन्नांचं निकालपत्र हॅमिल्टनच्या चौऱ्याऐंशीव्या निबंधासोबत वाचावं. दोन्हींत मनमानी तुरुंगवासाचा धोका मांडलेला आहे.

माझ्या यादीतलं अखेरचं पुस्तक म्हणजे एक कायदा आहे: २००६चा वनहक्क कायदा. महाराष्ट्रात १९६९च्या कायद्याने तेंदूपत्त्याचा व्यापार सरकारच्या मक्तेदारीत घेतला होता आणि १९२७च्या वन कायद्याने बांबूला झाड ठरवलं होतं. वनहक्क कायद्याने बांबू, तेंदूपत्ता, मध, लाख ही गौण वनोपज म्हणून गावाच्या मालकीची ठरवली. पाचवी अनुसूची गोंदियाला लागू नाही, त्यामुळे अनुसूचित क्षेत्रांतल्या ग्रामसभांना अधिकार देणाऱ्या पेसा कायद्याचा आधार इथल्या गावांना मिळत नाही. हाच कायदा त्यांच्या हाती आहे. शेजारच्या गडचिरोलीत मेंढा (लेखा) गावाला २००९ मध्ये सामूहिक वनहक्क मिळाला, तरी बांबूच्या वाहतुकीचा परवाना देण्याचा अधिकार गावाकडे यायला २७ एप्रिल २०११ उजाडावा लागला. पुढच्या काळात देवरी, अर्जुनी मोरगाव, सडक अर्जुनी या तालुक्यांतल्या गावांनी सामूहिक हक्क मिळवले आणि गडचिरोली-गोंदियातल्या ग्रामसभा तेंदूपत्त्याचा लिलाव स्वतः करू लागल्या.

कायद्याचं तिसरं, पाचवं आणि सहावं कलम सावकाश वाचावं, आणि सोबत २०१२ मध्ये दुरुस्त झालेले नियम. दाव्याची सुरुवात कलेक्टर कचेरीत होत नाही, ग्रामसभेत होते. त्या सभेला किमान निम्मे सदस्य हजर लागतात आणि हजर असणाऱ्यांत किमान एक-तृतीयांश स्त्रिया. फिलाडेल्फियात १७८७च्या उन्हाळ्यात ५५ पुरुष खिडक्या बंद करून बसले होते, आणि त्या चर्चेची मॅडिसनची टिपणं लोकांना वाचायला मिळाली १८४० मध्ये. देवरी तालुक्यातल्या ग्रामसभेचा ठराव मात्र सभेतच वाचून दाखवला जातो आणि हजर असलेल्यांच्या सह्या-अंगठे त्याच्याखाली उमटतात.