लघवी लाल दिसली तर



गाय लाल मुतली की आपण त्याच दिवशी जनावरांच्या डॉक्टरांना बोलावतो. आपली स्वतःची लघवी लाल झाली की मात्र ‘उष्णता वाढली’ म्हणून सब्जा आणि ताक पीत बसतो. वडगाव रासाईच्या भीमाकाठी दिवसभर उन्हात ऊस तोडल्यावर लघवी गडद पिवळी होते, ती पाणी प्याल्याने निवळते. बीट खाल्ल्याने किंवा क्षयाच्या काही गोळ्यांनी ती तांबूस दिसते. बाकी लाल लघवी रक्ताचीच समजावी. दुखत नाही, दोन दिवसांत आपोआप थांबली, म्हणून तपासणी टाळू नये. मुतखडा, जंतू किंवा कर्करोगही त्यामागे असू शकतो.

आणखी एक कारण फारसे कुणाला ठाऊक नसते. लघवीच्या पिशवीतल्या रक्तवाहिन्याच सदोष असतात. क्वचित कुणाला तिथे जन्मापासून वाहिन्यांचा गुंता असतो. त्यापेक्षा जास्त वेळा असे घडते, की गर्भपिशवीच्या मुखाच्या कर्करोगासाठी पूर्वी शेक (किरणोपचार) घेतलेल्या बाईच्या पिशवीत काही महिन्यांनी, कधी कधी दहा वर्षांनीही, नाजूक वाहिन्या तयार होतात आणि फुटतात. जुने कागद जपून ठेवा आणि डॉक्टरांना आधी दाखवा.

डॉक्टर लघवी तपासतात, सोनोग्राफी करतात, मग लघवीच्या वाटेने दुर्बीण घालून पिशवी आतून पाहतात. वाहिन्यांचा गुंता दिसला तर तुकडा काढायची घाई करत नाहीत, कारण तिथे कापले की रक्त आवरत नाही.

खरा धोका गुठळ्यांचा. ठिबकचे भोक कचऱ्याने बुजावे तशी लघवीची वाट बुजते, ओटीपोट फुगते, माणूस तळमळतो. अशा वेळी, किंवा चक्कर येऊन अंग गार पडले तर, 108 ला फोन करून लगेच दवाखाना गाठावा. तिथे जाड नळी घालून गुठळ्या धुऊन काढतात, लागले तर रक्त चढवतात, फुटलेली वाहिनी दुर्बिणीतून डागतात. तेवढ्याने भागले नाही तर मांडीच्या शिरेतून बारीक नळी नेऊन रक्त पुरवणारी वाहिनीच बंद करतात.

आपली तुरटीही इथे कामी येते! तिचे निर्जंतुक पाणी डॉक्टर नळीने पिशवीत सोडतात. मूत्रपिंड अधू असेल तर तेही जपून. म्हणून घरी तुरटीचे पाणी कुणी पिऊ नये.

रक्त पातळ करण्याची गोळी चालू असेल तर ती मनाने बंद करू नका. गोळ्यांचे पाकीट सोबत न्या.