वाठारला दार, महाबळेश्वरात खोल्या

लंडनच्या सेंट पँक्रास स्थानकावर १८७३ मध्ये मिडलंड रेल्वे कंपनीने भव्य हॉटेल उघडले. जॉर्ज गिल्बर्ट स्कॉट यांच्या आराखड्यातील लाल विटांच्या कमानी आणि मनोरे ही कंपनीची जाहिरातच होती. त्याच स्थानकाच्या लोखंडी छपरावर काम केलेल्या रोलंड ऑर्डिश यांनी मुंबईच्या वॉटसन हॉटेलचा ओतीव लोखंडी सांगाडा आखला. पुणे-मिरज लोहमार्गावर मात्र असा प्रासाद उभा राहिला नाही. म्हणून सातारा-सांगलीला रेल्वे हॉटेल लाभलेच नाही, हे मला मान्य नाही. इथे ते एका इमारतीत मावले नाही, एवढेच.

याचे कारण रुळांच्या जन्मातच आहे. १८७६-७८ च्या दुष्काळानंतर, १८८२ मध्ये सदर्न मराठा रेल्वे कंपनी स्थापन झाली. उपाशी मुलखात धान्य पोहोचावे, हा या मीटरगेज मार्गांमागचा मोठा हेतू. तिथे मनोऱ्यांवर पैसा कोण घालणार? पण मार्ग झाल्यावर महाबळेश्वरचा प्रवासी वाठार स्टेशनला उतरू लागला. तिथून टांग्याने वाई, मग पसरणी घाट, पाचगणी, असा साठ किलोमीटरहून जास्त रस्ता तुडवला की मुक्काम. वरची बांधणी सेंट पँक्रासच्या अगदी उलट. जांभ्या दगडाच्या भिंती, बसके घर, उतरते पत्र्याचे छप्पर आणि पुढे रुंद व्हरांडा. वर्षाला सहा हजार मिलिमीटरच्या आसपास पाऊस झेलायचा, तर उंची मिरवून चालत नाही. व्हरांडा केवळ चहा पिण्यासाठी नव्हता. तिरपी सर तो भिंतीपर्यंत पोहोचू देत नसे.

कोणी म्हणेल, महाबळेश्वर रेल्वेच्या आधीचे आहे. खरेच आहे, प्रतापसिंह महाराजांकडून इंग्रजांनी ते १८२९ मध्येच करार करून घेतले होते. पण तेव्हाचा साहेब नोकरचाकर, भांडीकुंडी घेऊन हंगामभर बंगल्यात राहायचा. थोड्या दिवसांच्या रजेवर येणारा पाहुणा गाडीमुळे वाढला आणि हॉटेल चालते ते अशा पाहुण्यावर. दुसरा आक्षेप मालकीचा: ही हॉटेले कंपनीची नव्हती. मालकीपुरते ते बरोबर. पण इमारत कोणाच्या नावावर आहे यापेक्षा ती कोणत्या वाहतुकीवर जगते, हे मला अधिक महत्त्वाचे वाटते. मिरजेकडे पाहा. १८९१ मध्ये कोल्हापूरचा फाटा झाला, १८९४ मध्ये डॉ. वॉनलेस यांचे मिशन हॉस्पिटल सुरू झाले आणि जंक्शनच्या गावी दूरदूरचे रुग्ण येऊ लागले. त्यांच्या नातेवाइकांना पाठ टेकायला जागा देणारी धर्मशाळाही माझ्या लेखी याच कुळातली.

म्हणूनच जतनाचा विचार तुकड्यातुकड्यांनी होतो, याचे वाईट वाटते. २००१ पासून महाबळेश्वर-पाचगणी परिसर पर्यावरणदृष्ट्या संवेदनशील क्षेत्र म्हणून संरक्षित आहे. वाठार मात्र त्या हद्दीबाहेर राहिले. वारशाच्या यादीत स्टेशन, घाटरस्ता आणि वरचे व्हरांडे यांची एकच नोंद व्हायला हवी.