कापड बदललं म्हणजे सोफा नवा झाला?

सागवानी सोफ्याची बैठक खचली, की घरात पहिली चर्चा कापडाची सुरू होते. वेल्वेट घ्यायचं की टेपेस्ट्री? कापड हे खरं तर शेवटचं काम. जुन्यावरच नवं चढवून देतो, असं कुणी म्हणालं तर सरळ नकार द्या. जाणता कारागीर आधी सोफा उलटा करतो, तळाचं अस्तर उसवतो आणि पट्टे, स्प्रिंगा, सांधे तपासतो. पट्टे ढिले पडले असतील तर वर कितीही जाड फोम घाला, खड्डा पुन्हा पडणारच.

फोमबद्दलचा गैरसमज तर दुकानांतही ऐकू येतो: ‘४० डेन्सिटी म्हणजे कडक, ३२ म्हणजे मऊ.’ डेन्सिटी म्हणजे एक घनमीटर फोमचं किलोमधलं वजन. कडकपणा वेगळा मोजतात. ४० डेन्सिटीचा फोम मऊही मिळतो. या आकड्यावरून अंदाज येतो तो टिकाऊपणाचा. म्हणून आकडा विचारा, पण बसून पाहिल्याशिवाय फोम ठरवू नका.

सगळ्यात जास्त नुकसान मात्र ‘काळवंडलंय, मशिनने घासून काढा’ या सल्ल्याने होतं. जुन्या फर्निचरवर बहुधा फ्रेंच पॉलिश असतं, म्हणजे स्पिरिटमध्ये विरघळवलेली चपडा लाख. सहज न दिसणाऱ्या कोपऱ्यात स्पिरिटचा बोळा फिरवून पाहा. पॉलिश चिकट होऊन बोळ्याला लागलं, तर ते लाखेचंच. ते साफ करून त्यावर नवे हात देता येतात. मशिनने कोरीवकामाच्या कडा बोथट होतात आणि विनियर असेल तर ते पार निघून जातं. त्याची जाडी अनेकदा एक मिलिमीटरही नसते. लाखेला उष्णता सोसत नाही, गरम कपाचा पांढरा डाग पडतो, हे खरं. म्हणून जेवणाच्या टेबलाला मेलामाइन किंवा पीयू पॉलिश बरं.

सागाला कीड लागतच नाही, हेही अर्धसत्य. गाभ्याचं लाकूड वाळवीला दाद देत नाही, बाहेरचं फिकट लाकूड मात्र पोखरलं जातं.

डुगडुगणाऱ्या पायात खिळा ठोकू देऊ नका, लाकूड चिरतं. सांधा सोडवून, जुना गोंद खरवडून नव्याने चिकटवायला हवा. खुर्चीचं वेताचं विणकाम नुसतंच सैल झालं असेल, तर खालच्या बाजूने कोमट पाण्याने भिजवून वाळू द्या. वाळताना वेत आखडून ताणला जातो.

भुसा दाबून केलेल्या बोर्डाचा सांगाडा पाणी लागून फुगला असेल, तर त्यावर खर्च करू नका. सांगाडा भरीव लाकडाचा असेल तर जरूर करा. मात्र पट्टे, फोम, कापड आणि पॉलिश यांचे दर वेगवेगळे लिहून घ्या, आणि अस्तर उघडल्यावर आतला सांगाडा स्वतः जाऊन पाहा.