गाऱ्हाण्याची लोकरूपे : बीड जिल्ह्यातील जात्यावरची ओवी आणि विड्याची धुळवड

मराठी लोकसाहित्याच्या अभ्यासात 'गाऱ्हाणे' हा शब्द प्रामुख्याने देवापुढे घातलेल्या सामुदायिक मागण्याच्या अर्थाने रूढ झाला आहे. रोजच्या जगण्यातील कटकट, छळणाऱ्या वा नुसताच ताप देणाऱ्या माणसांविषयीची चीड आणि ती बोलून दाखविण्याची गरज यांतून जे शब्दरूप आकारास येते, त्याचा स्वतंत्र विचार मात्र क्वचितच झालेला दिसतो. अशा रचना संग्रहांत 'सासुरवास' किंवा 'नातीगोती' या शीर्षकांखाली विभागल्या जातात आणि करुणरसाची उदाहरणे म्हणून वाचल्या जातात. त्यामुळे गाऱ्हाणे हा एक भाषिक व्यवहार आहे, त्याला स्वतःचे संकेत व मर्यादा आहेत, ही गोष्ट दृष्टीआड होते.

हा व्यवहार समजून घेताना चार स्थाने वेगळी करावी लागतात : गाऱ्हाणे सांगणारी व्यक्ती, ज्याला उद्देशून ते सांगितले जाते ती व्यक्ती, ज्याच्याविषयी ते आहे ती व्यक्ती आणि ते ऐकणारी, किंवा ऐकूनही न ऐकल्यासारखे करणारी, भोवतालची माणसे. या चार स्थानांची मांडणी बदलली की गाऱ्हाण्याचे रूपही बदलते. बीड जिल्ह्यातील दोन परंपरा, जात्यावरची ओवी आणि केज तालुक्यातील विडा या गावची धुळवड, या दृष्टीने शेजारी ठेवून पाहण्याजोग्या आहेत.

१. जात्याच्या आडोशाने

स्त्रियांनी काम करताना ओवी गाण्याची प्रथा प्राचीन आहे. कल्याणीचा चालुक्य राजा सोमेश्वर तिसरा याच्या 'मानसोल्लास' (इ. स. ११२९) या ग्रंथात महाराष्ट्रातील स्त्रिया कांडताना ओवी गातात असा उल्लेख आहे. म्हणजे ओवी ही आरंभापासून श्रमाशी निगडित आहे. मराठवाड्यात ज्वारी-बाजरीची भाकरी हा रोजच्या जेवणाचा आधार असल्याने दळण हे सणावाराचे नव्हे, तर नित्याचे काम होते. घर जागे होण्यापूर्वी, पहाटेच्या अंधारात, एकटीने किंवा दोघींनी समोरासमोर बसून ते उरकावे लागे.

या स्थितीचा गाऱ्हाण्याशी असलेला संबंध नीट ध्यानात घेतला पाहिजे. दिवसभरात सुनेला एका जागी बसून बोलण्याची मुभा नसे. जात्यापाशी ती आपोआप मिळे, कारण बसणे हेच तेथे काम होते. गाणे हा कामाचाच भाग मानला जात असल्याने 'बोलतेस काय?' असे विचारण्याची सोय नसे. शिवाय जात्याच्या घरघरीत शब्द अर्धे बुडतात. ओसरीवर निजलेल्याला सूर ऐकू येतो, एखादा शब्द कानी पडतो. पण त्यावरून कोणाला जाब विचारता येत नाही. जात्याचा आवाज हा अशा रीतीने गाऱ्हाण्याचा आडोसा ठरतो.

ओवीची रचनाही या आडोशाला पूरक आहे. ती बहुधा दोन ओळींची असते. पहिल्या ओळीत एखादी वस्तू, झाड, वाट, दारातले दृश्य येते आणि दुसऱ्या ओळीत माणूस येतो. दोहोंमधील संबंध गाणारी उलगडून सांगत नाही. तो ऐकणारीने जोडावयाचा असतो. कोणी जाब विचारलाच, तर आपण झाडाविषयी गात होतो असे म्हणण्यास जागा उरते.

ओवीतील संबोध्य व्यक्तीही लक्षणीय आहे. गाऱ्हाणे सासूविषयीचे असले तरी सासूला उद्देशून क्वचितच असते. ते जात्याला देव मानून त्याला सांगितले जाते. दूर गावी असलेल्या आईला, न आलेल्या भावाला, जोडीने दळणाऱ्या सखीला किंवा शेजीला सांगितले जाते. 'लेकी बोले सुने लागे' या म्हणीत घरातील वडीलधाऱ्या स्त्रीचे तंत्र नोंदले गेले आहे : लेकीला बोलायचे ते सुनेला लागावे म्हणून. ओवीत सून तेच तंत्र उलट्या दिशेने वापरते. ती आईला सांगते आणि ते सासूच्या कानी पडते. दोघींचे हत्यार एकच असले तरी दोघींचे स्थान सारखे नाही. सासूला आडून बोलणे ही सोय आहे. सुनेला ती गरज आहे.

या ओव्यांतील तक्रारीचे विषय भव्य नाहीत, हेच त्यांचे वैशिष्ट्य आहे. टोमणे मारणारी नणंद, कामात हात न लावणारी जाऊ, उसने नेऊन परत न करणारी किंवा घरोघरी चुगल्या करणारी शेजारीण, माहेरी गेल्यावर तोंड फिरविणारी भावजय, सणाला न्यावयास न आलेला भाऊ, अशी माणसे त्यांत वारंवार येतात. त्यांची नावे मात्र बहुधा येत नाहीत. कौतुकाच्या ओवीत भावाचे, लेकाचे नाव आवर्जून गुंफले जाते; गाऱ्हाण्याच्या ओवीत फक्त नाते उरते. नाव गाळल्यामुळे ओवी सुरक्षित होते आणि त्याच कारणाने ती दुसऱ्या घरातही चालते. एका घरची नणंद ही सगळ्या घरांची नणंद होते. वैयक्तिक चिडीचे सामाईक वाङ्मय होण्याची प्रक्रिया येथे स्पष्ट दिसते.

२. विड्याची धुळवड

केज तालुक्यातील विडा येथे धूलिवंदनाच्या दिवशी गावच्या एका जावयाला गाढवावर बसवून, गळ्यात चपलांचा हार घालून वाजतगाजत मिरविण्याची प्रथा आहे. ती आठ दशकांहून जुनी असल्याचे सांगितले जाते. सणाच्या आधी जावयाचा शोध घेतला जातो आणि तो निसटू नये म्हणून पाळतही ठेवली जाते. मिरवणूक संपली की त्याला नवे कपडे व सोन्याची अंगठी देऊन त्याचा सन्मान होतो.

जावई हे मराठी कुटुंबातील त्रासदायक माणसाचे एक प्रस्थापित रूप आहे. मानपान, रुसवेफुगवे, पंगतीतील आग्रह, सणावारी द्यावयाच्या वस्तू यांचा भार त्याच्या नावाने सासरच्यांवर पडतो. 'जामाता दशमो ग्रहः' या संस्कृत उक्तीत हाच अनुभव आहे : नऊ ग्रह तरी शांत करता येतात, हा दहावा सदैव वक्री. मुलगी त्या घरी नांदत असल्याने वर्षभर त्याला कोणी काही बोलू शकत नाही. विड्यात वर्षातून एक दिवस ते उघडपणे, सगळ्या गावासमक्ष बोलले जाते, आणि तेही शब्दांऐवजी गाढव आणि चपला यांच्या भाषेत.

मानववंशशास्त्रात या प्रकारच्या प्रथांचा विचार झालेला आहे. रॅडक्लिफ-ब्राऊन यांनी १९४० साली थट्टेच्या नात्यांविषयी लिहिताना असे दाखविले की, विवाहाने जोडल्या गेलेल्या दोन गटांत जवळीक व ताण एकाच वेळी असतात आणि संमत थट्टा हा तो ताण सांभाळण्याचा एक मार्ग असतो. मॅक्स ग्लुकमन यांनी १९५०च्या दशकात 'बंडाचे विधी' ही संकल्पना मांडली : ठरावीक दिवशी केलेला अवमान व्यवस्था मोडत नाही, उलट ती टिकविण्यास मदत करतो. बाख्तीन यांनी राब्लेवरील ग्रंथात (१९६५) उत्सवी उलथापालथीच्या मुक्त करणाऱ्या बाजूवर भर दिला. विड्याच्या प्रथेला ग्लुकमन यांचे विवेचन अधिक लागू पडते. अवमानाची भरपाई तेथल्या तेथे होते. अंगठी घालून जावई पुन्हा जावई होतो आणि मानपानाचा व्यवहार पुढे चालू राहतो.

३. दोन रूपांतील अंतर

आता दोन्ही रूपे समोरासमोर ठेवता येतात. विड्यात गाऱ्हाण्याचे लक्ष्य आणि संबोध्य व्यक्ती एकच आहे. ओवीत ती वेगळी आहेत. विड्यात ऐकणारा सारा गाव उघडपणे सामील आहे. ओवीत ऐकणारे घर झोपेचे सोंग घेते. विड्यात जावई एकटा आणि गाव संख्येने मोठे; ओवीत सून एकटी आणि घर मोठे. एका परंपरेला वर्षातील एक दिवस पुरतो, दुसरीला रोजची पहाट लागते.

या अंतरावरून गाऱ्हाण्याचा एक नियम हाती लागतो. तक्रार किती उघड होईल हे तिच्या तीव्रतेवर अवलंबून नसते. ज्याच्याविषयी तक्रार आहे तो उलटून काय करू शकतो यावर ते अवलंबून असते. जावयाची थट्टा उघड होऊ शकते, कारण त्या दिवशी त्याला उलटून काही करता येत नाही. सासूची तक्रार झाकावी लागते, कारण सुनेचे त्याच घरात पोट आहे. जेम्स स्कॉट यांनी १९९० साली दुर्बलांच्या 'पडद्याआडच्या भाषे'विषयी जे विवेचन केले, त्याचे ओवी हे उत्तम उदाहरण ठरते.

येथे एक प्रचलित मत तपासून पाहणे आवश्यक आहे. ओवी म्हणजे मनाचे विरेचन, दुःखाला मिळालेली वाट, असे अध्यापनात सर्रास सांगितले जाते. त्यात तथ्य आहे. परंतु तेवढ्यावर थांबल्यास ओवीतील मजकूर निरर्थक ठरतो, केवळ वाफ निघून गेली एवढेच उरते. वस्तुतः गाऱ्हाण्याची ओवी तपशील सांगते : ताटात काय वाढले गेले, कोणते काम कोणाच्या वाट्याला आले, कोण आले आणि कोण आले नाही. जिच्या म्हणण्याची नोंद कोणत्याही कागदावर होत नव्हती, तिने केलेली ही नोंद आहे. तिला भावना म्हणून गोंजारण्यापूर्वी साक्ष म्हणून ऐकणे हे अभ्यासकाचे कर्तव्य ठरते.

माजलगावच्या ओव्या या संदर्भात महत्त्वाच्या आहेत. गी पॉइटवाँ व हेमा राईरकर यांच्या पुढाकाराने पुण्यातील संशोधन केंद्राने महाराष्ट्रातील एक लाखाहून अधिक ओव्या गायिकेच्या व गावाच्या नोंदीसह जमविल्या. त्यात १९९६ साली माजलगावच्या भीमनगरमध्ये ध्वनिमुद्रित झालेल्या ओव्यांचा समावेश आहे. डॉ. बाबासाहेब आंबेडकर, रमाबाई व भगवान बुद्ध हे त्यांचे विषय आहेत. घरगुती नात्यांची तीच भाषा आणि दळणाची तीच लय येथे जातीच्या अन्यायाकडे वळलेली दिसते. या ओव्यांत नाव गाळलेले नाही. ते अभिमानाने घेतलेले आहे. गाऱ्हाण्याला सार्वजनिक आधार मिळाला की ते आडोसा सोडून हक्काच्या भाषेत बोलू लागते, याचा हा पुरावा होय.

४. जाते गेल्यानंतर

विजेच्या गिरण्या गावोगावी आल्या आणि दळणाचे कष्ट संपले. त्याबद्दल हळहळण्याचे कारण नाही; ओवी टिकावी म्हणून कोणी जाते ओढावे असे म्हणणे अमानुष ठरेल. परंतु कष्टांबरोबर बोलण्याची जागाही गेली, हे नोंदविणे भाग आहे. बीड जिल्ह्यातील असंख्य कुटुंबे दिवाळीच्या सुमारास ऊसतोडीला पश्चिम महाराष्ट्रात व कर्नाटकात जातात आणि गाळपाचा हंगाम संपल्यावरच परततात. मुकादमाकडून घेतलेली उचल फेडण्यासाठी नवराबायकोची जोडी मिळून 'एक कोयता' धरली जाते. म्हणजे हिशेबातही स्त्री स्वतंत्रपणे मोजली जात नाही. कोपीत पहाटे जाते नसते, तर फडाकडे निघण्याची घाई असते. तिच्या तक्रारीचे लक्ष्य आता नणंदेपुरते राहिलेले नाही. त्यात मुकादम आणि कारखान्यापर्यंत पोहोचणारी साखळी आहे. त्या साखळीविषयी कोणाला उद्देशून आणि कशाच्या आडोशाने बोलावे, याचे रूढ रूप तिच्या हाती नाही.

म्हणून या जिल्ह्यात लोकसाहित्य संकलन करणाऱ्या विद्यार्थ्याने केवळ जुन्या ओव्या उतरवून घेण्यावर समाधान मानू नये. प्रत्येक रचनेसोबत ती कोणी, कोणाला उद्देशून, कोणाविषयी आणि कोणाच्या कानावर पडेल अशा ठिकाणी म्हटली, या चार गोष्टींची नोंद करावी. त्याचबरोबर कोपीवर, गिरणीच्या रांगेत, गटाच्या बैठकीत स्त्रिया आज काय व कसे बोलतात तेही टिपावे. त्या बोलण्याला अद्याप छंद लाभलेला नसेल. परंतु ओवीलाही संग्रहात येण्यापूर्वी वाङ्मयाचा दर्जा कोणी दिलेला नव्हता.